सुटका पहिल्या पेरणीत होते
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविम्याची भरपाई आहे, सोसायटीची वसुली आहे. या तिन्ही विषयांवर बोलणारे कार्यकर्ते तयारीने आले आहेत. आम्ही उभे आहोत ते चौथ्या विषयासाठी. तुरुंगातून सुटून गावात परत आलेला शेतकऱ्याचा तरुण पोरगा, हा तो विषय. विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी विचारले, "याचा आपल्या संघटनेशी काय संबंध? ज्याने केले त्याने भरले." प्रश्न सरळ आहे, त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

हार आणि दार

१९८० नंतर कांदा, ऊस, तंबाखू आणि कापसाच्या आंदोलनांत महाराष्ट्रातले हजारो शेतकरी तुरुंगात जाऊन आले. या मांडवातही त्यातले काही जण बसलेले आहेत. ते सुटून आले तेव्हा वेशीवर डफडे वाजले, गुलाल उडाला, बायांनी ओवाळले. त्याच्याही आधी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तेव्हा तुरुंगात गेला म्हणजे माणूस वाया गेला, असे आपल्या मुलखाने कधी मानले नाही.

पण त्याच गावातला दुसरा एक पोरगा धुऱ्याच्या भांडणात काठी उचलतो, समोरचा जखमी होतो आणि पोरगा आत जातो. तीनचार वर्षांनी तो परत येतो तेव्हा वेशीवर कोणी नसते. आंदोलनातल्या कैद्याला हार आणि धुऱ्यावरच्या कैद्याला बंद दार. दोघांची बरोबरी करा असे आम्ही म्हणत नाही. एकाने हक्कासाठी कायदा मोडला, दुसऱ्याने रागाच्या भरात माणूस जखमी केला. त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती आणि ती झाली. आमचा प्रश्न पुढचा आहे. कोर्टाने दिलेली शिक्षा संपल्यावर गावाने दुसरी शिक्षा सुरू करावी काय? आणि त्या शिक्षेची मुदत किती?

तुरुंगात असते कोण, हेही पाहून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यातली ४,३४,३०२ माणसे कच्चे कैदी होती, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही अशी. दर चार कैद्यांमागे तीन कच्चे. या कच्च्या कैद्यांत जवळपास निम्मी पोरे अठरा ते तीस वयाची. हेच वय तिफण धरण्याचे, डवऱ्यामागे चालण्याचे आणि संसार मांडण्याचे.

एका पोराची हकीकत

आपल्याच भागातल्या एका पोराची हकीकत सांगतो. गावाचे नाव आणि पोराचे नाव सांगत नाही, कारण त्याने तशी विनंती केली आहे.

बापाच्या नावावर पाच एकर, पोराच्या नावावर आजीकडून आलेले तीन एकर. सगळी कोरडवाहू, मध्यम काळी. शेजारी चुलता. दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून पंधरा वर्षे कुरबूर चाललेली. दरवर्षी वखरणीला एक तास इकडून खायचा, एक तास तिकडून खायचा, आणि दोन्ही घरे म्हणायची की आमची जमीन गेली. मोजणी कोणीच आणली नाही. २०१७ च्या मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, धुऱ्यावर शब्दाला शब्द लागला. पोरगा बावीस वर्षांचा. हातात कुऱ्हाड होती, बाभळीचे काटे तोडायला आणलेली. ती चुलत्याच्या उजव्या हातावर बसली. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला.

त्या दिवाळीत कोर्टाने जामीन मंजूर केला. पण जामीनदार मिळाला नाही. बापाच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा. गावातल्या दुसऱ्या कोणी आपला सातबारा द्यायचा, तर भाऊबंदकीत कशाला पडता म्हणून सगळे मागे सरले. कागदावर जामीन झालेला पोरगा आतच राहिला. २०१९ च्या अखेरीस निकाल लागला. कोर्टाने जिवे मारण्याचा हेतू धरला नाही, गंभीर दुखापत धरली आणि चार वर्षांची शिक्षा दिली. कच्च्या कैदेचे दिवस त्यातून वजा झाले. पुढे करोना आला, मुलाखती बंद झाल्या, कित्येक महिने आईला त्याचे तोंड दिसले नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात तो सुटला. आत तो सुतारकाम शिकला होता. खिशात मजुरीचे थोडे पैसे होते.

आता घरची स्थिती ऐका. तो आत गेला त्याच वर्षी, २०१७ च्या हंगामात, विदर्भात शेंदरी बोंडअळीने कापूस खाल्ला. बापाचा हंगाम गेला. पोराच्या तीन एकरांत तिफण फिरलीच नाही. चार वर्षांत हराळी आणि कुंदा माजला. त्याच्या नावावर सोसायटीचे पीककर्ज होते. २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकलेले दोन लाखांपर्यंतचे कर्ज माफ होणार होते. त्याचे कर्ज त्यात बसत होते. पण आधार प्रमाणीकरणासाठी अंगठा द्यायचा होता आणि अंगठा तुरुंगात होता. कर्ज तसेच राहिले, व्याज चढत गेले, पोरगा थकबाकीदार झाला.

सुटून आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत तो कामासाठी सात घरी गेला. कोणी नाही म्हटले नाही. "सांगतो," म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात एका विहिरीवरची मोटार चोरीला गेली. सर्वांत आधी याला बोलावणे आले, दोन रात्री ठाण्याबाहेरच्या बाकावर गेल्या. मोटार नंतर तालुक्याच्या भंगारवाल्याकडे सापडली, चोर तिसऱ्याच गावचा. पण त्या दोन रात्री त्याला कोणी परत दिल्या नाहीत. त्याने पिशवी भरली आणि सुरतेला जायचे ठरवले.

सुरतेची गाडी आणि मृगाचा पाऊस

भावांनो, इथे थांबून विचार करा. हा पोरगा सुरतेला गेला असता तर काय झाले असते? तिथे त्याला खोली देणारा, काम देणारा माणूस कोण असता? गावात ज्याला कोणी उभे करत नाही त्याला शहरात उभे करणारे लोक असतात, पण ते कोण असतात हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तुरुंगातल्या ओळखी बाहेर वाट पाहत असतात. दुसऱ्या वेळेला आत जाणारा माणूस पुष्कळदा पहिल्या सुटकेनंतरच्या या चारदोन महिन्यांत घडतो.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. आम्हाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: कोरडवाहू शेतीत तारीख चुकली की मेहनतीने ती भरून निघत नाही. कोरडवाहू कापूस जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीत पडला नाही तर उतारा घसरतो. खरिपाची ज्वारी उशिरा पेरली की खोडमाशी पोंगे जाळते. शेतकऱ्याच्या पोराचेही तसेच आहे. सुटल्यानंतरच्या पहिल्या हंगामात त्याने पेरले तर तो शेतकरी आहे. तो हंगाम हुकला तर पुढच्या मृगापर्यंत वर्ष काढायचे कशावर? म्हणून आम्ही म्हणतो, कैद्याची सुटका तुरुंगाच्या दारात होत नाही, पहिल्या पेरणीत होते. सरकार दार उघडून देते. पेरणी गावाने करून द्यायची असते.

या पोराच्या गावात ती करून दिली गेली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपले दोन एकर बटईने दिले. बियाणे त्याचे, मेहनत पोराची, पीक निम्मे. त्या म्हाताऱ्याला लोकांनी विचारले, भीती नाही वाटत? तो म्हणाला, "मले भेव त्याच्या रिकाम्या हाताचं वाटते."

पेरायचे काय हा आमचा विषय होता. पोराच्या मनात सगळा कापूस होता. आम्ही त्याला हिशेब करून दाखवला. कापसाला बियाणे, खत, फवारणी असा पैसा आधी घालायचा आणि पहिली वेचणी दसऱ्याच्या पुढे. तोपर्यंत खायचे काय? म्हणून एक एकरात मूग. पासष्ट ते सत्तर दिवसांचे पीक, पोळा-गणपतीच्या सुमारास पैसा हातात. मात्र मूग पेरायचा तर जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आत, आणि शेंगा भरल्यावर पावसाची झड लागली तर मूग शेंगेतच कोंबतो, म्हणून तोडणीला माणसे आधी सांगून ठेवायची. दुसऱ्या एकरात ज्वारी आणि तुरीचे तास. ज्वारी घराला भाकर देते, कडबा विकता येतो किंवा बैलाला होतो. तूर थंडीत पैसा देते. खर्च कमी, तीन वेळा उत्पन्न. ज्याच्या हातात भांडवल नाही त्याने पहिल्या वर्षी असेच पेरावे. कापूस दुसऱ्या वर्षी.

त्याच्या स्वतःच्या तीन एकरांत घाई केली नाही. हराळी आणि कुंदा वरून कापून जात नाहीत. दिवाळीनंतर तुकड्यातुकड्याने साफ केले, उन्हाळ्यात खोल नांगरून काशा उन्हात तापवल्या, वेचून जाळल्या. २०२२ च्या मृगात तिथे पेरणी झाली.

आणि सुतारकाम? डवऱ्याची जानकुडे, वखराची रुमणी, घरकुलांची दारे. पहिल्या हिवाळ्यात पेरणीपेक्षा जास्त पैसा त्याला या कामाने दिला. ज्या सात घरांनी "सांगतो" म्हटले होते त्यातल्या चार घरी आज त्याने बसवलेली दारे आहेत.

ज्याचा हात गेला त्याचे काय?

आता मागच्या रांगेतून कोणीतरी मनात म्हणत असेल, पोराचे सगळे झाले, चुलत्याचे काय? हा प्रश्न टाळून जो कोणी पुनर्वसनाच्या गोष्टी सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

चुलत्याची उजव्या हाताची दोन बोटे मिटत नाहीत. डवरा धरता येत नाही. चार वर्षे त्याने गडी लावून शेती केली आणि गड्याची मजुरी प्रत्येक कापसाच्या गाठोड्यातून गेली. त्याच्याकडे जाऊन "जाऊ द्या, माफ करा" म्हणण्याचा अधिकार गावाला नाही, संघटनेलाही नाही. माफी ही त्याची वस्तू आहे. ती द्यायची की नाही हे तोच ठरवील. म्हणून कार्यकर्ते त्याच्याकडे गेले ते माफी मागायला गेले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की पुन्हा भांडण होऊ नये म्हणून तुम्हाला काय हवे? तो म्हणाला, मोजणी.

पंधरा वर्षांपूर्वी जे करायला हवे होते ते तेव्हा झाले. दोन्ही घरांनी अर्धी अर्धी फी भरली, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणीदार आला, हद्दीचे दगड रोवले. दोन्ही घरे जिच्यासाठी कोर्टात गेली ती जमीन काही गुंठ्यांची निघाली. किती गुंठे आणि कोणाकडे, हे मुद्दाम सांगत नाही. सांगितले की तुम्ही लगेच बाजू घ्याल. दगड रोवल्यावर चुलता चार माणसांसमोर बोलला, "मी त्याच्यासंग बोलनार नाही. पन त्याच्या पेरनीच्या आड येनार नाही."

गळाभेट झाली नाही, जेवणावळ झाली नाही. आजही दोन घरे बोलत नाहीत. पण गेल्या दोन हंगामांत चुलत्याच्या वावरातली डवरणी या पोराने केली, मजुरी न घेता, आणि चुलत्याने त्याला थांबवले नाही. आमच्या दृष्टीने एवढे पुष्कळ आहे.

एक गोष्ट सर्वांनी लिहून घ्या. धुऱ्याचा वाद असेल तर मोजणी आणा. वावरात जायची वाट अडवली असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे किंवा १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याप्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. कुऱ्हाडीपेक्षा अर्ज हळू चालतो, पण अर्जाला जामीनदार लागत नाही.

स्वतंत्रपूर

हे सगळे नवे आहे असे समजू नका. १९३९ साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडमधून आलेल्या इंजिनिअरच्या कल्पनेवरून, आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत उभी केली. तिचे नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्याने कुटुंबासह राहायचे, जमीन कसायची, पिकवून खायचे. आटपाडी म्हणजे माणदेश, पावसाने पाठ फिरवलेला मुलूख, आपल्यापेक्षाही कोरडा. तिथे खून केलेली माणसे शेती करू लागली. त्या प्रयोगावरूनच १९५७ साली व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी तो तंबूत पाहिला असेल. पैठण, मोर्शी आणि विसापूरच्या खुल्या कारागृहांतही कैदी शेती करत आले आहेत.

यातून एक गोष्ट निघते. एका लहानशा संस्थानाला जे जमले, शिक्षा चालू असताना ज्याला कुंपणाशिवाय जमीन सोपवता आली, त्याच माणसाला शिक्षा संपल्यावर आपले गाव दोन एकर बटईने देत नसेल, तर गावाची भीती कायद्यापेक्षा मोठी झाली म्हणायची.

ज्याला जन्मतःच शिक्षा झाली

आणखी एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. हा पोरगा शेतकरी घरातला होता, त्याच्या बाजूने चार नातेवाईक उभे राहिले. गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरच्या पोराचे काय? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का अजून गेलेला नाही. गावात मोटार गेली, शेळी गेली की पहिली गाडी बेड्यावरच जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या नियमांमधला जातीवरून कामे वाटण्याचा प्रकार घटनाविरोधी ठरवला आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. तुरुंगाच्या वहीतून जे निघाले ते गावाच्या मनातून निघाले पाहिजे. आपल्या शेतावर कापूस वेचायला चालणारा माणूस, मोटार चोरीला गेल्यावर चोर कसा होतो?

कायदा काय देतो

आता कामाच्या गोष्टी. कायद्यात बरेच काही आहे, ते गावापर्यंत पोहोचत नाही.

तुरुंगात असलेल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे फुकट वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. त्यांचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचे असते. पहिलाच गुन्हा असेल तर एकतृतीयांश काळ पुरतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी लागू नाही. तसा अर्ज कोर्टाकडे करणे हे तुरुंग अधीक्षकाचे कर्तव्य आहे.

जामीनदाराबद्दल ऐका. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या गवंड्याला स्वतःच्या एक हजाराच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले. गरिबाकडे गरिबाच्या ऐपतीने पाहा, असा त्या निकालाचा अर्थ. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले: जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, आणि एक महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकते. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत त्यात ठरली. आपल्या पोराच्या वेळी यातले बरेच नव्हते. आज आहे, तेव्हा आज कोणी जामिनाचा कागद हातात घेऊन आत बसू नये.

शिक्षा भोगून आलेल्याची जमीन जात नाही, तो सातबाऱ्यावर राहतो. आत असताना मत देता येत नाही, सुटल्यावर देता येते. नोकरीच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारले असेल तर खरे लिहावे. खोटे लिहिले तर गुन्ह्यापेक्षा लपवल्याबद्दलच नोकरी जाण्याची भीती जास्त. तरुणपणीच्या किरकोळ प्रकरणाकडे नोकरी देणाऱ्याने उदारपणे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलेले आहे.

गावाने करायचे काम

आम्ही या बैठकीपुढे मागणी ठेवतो ती सरकारकडची नाही, स्वतःकडची आहे. प्रत्येक गावशाखेने दोन माणसे नेमावीत, एक कागदासाठी आणि एक वावरासाठी.

कागदाच्या माणसाने सुटून आलेल्याला घेऊन एका आठवड्यात फिरायचे. आधारला चालू मोबाईल क्रमांक जोडून घ्यायचा. बँकेचे खाते दोन वर्षे व्यवहार नसले की निष्क्रिय होते. केवायसीचे कागद देऊन ते चालू होते, त्याला पैसे लागत नाहीत. शिधापत्रिकेतले नाव पाहायचे. २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो काढायचा. पेरणी झाली की ई-पीक पाहणी नोंदवायची. गटसचिवाकडे बसून थकबाकीचा आकडा लेखी घ्यायचा. आकडा माहीत नसलेले कर्ज माणसाला जास्त पळवते.

वावराच्या माणसाने हंगाम पाहायचा. मृगाच्या आधी सुटला तर बियाण्याची, बैलजोडीची आणि बटईची सोय. पावसाळ्यात सुटला तर रब्बीची तयारी: सप्टेंबरच्या मध्यापासून ज्वारी, पुढे हरभरा, जमिनीतल्या ओलीवर. हिवाळ्यात सुटला तर वेचणीचे काम आणि उन्हाळ्यात नांगरट. कोणत्याही महिन्यात आला तरी पंधरा दिवसांत त्याच्या हाताला काम लागले पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट, नेमणूक न करता सर्वांनी करायची. गावात चोरी झाली आणि याला बोलावणे आले तर त्याला एकट्याला ठाण्यावर पाठवू नये. दोन माणसांनी सोबत जायचे, बाकावर सोबत बसायचे, सोबत परत यायचे. त्याने केले असेल तर कायदा आहेच. केले नसेल तर त्या दोन रात्री त्याच्या एकट्याच्या राहणार नाहीत.

शेतीमालाला भाव मिळत नाही म्हणून आपली पोरे शेती सोडतात, हे आपण वीसवीस वर्षे सांगत आलो. ज्या पोराला शेती सोडायची नाही, जो चार वर्षे आत राहूनही तिफण धरायला परत आला, त्याला आपणच वेशीवरून परत पाठवायचे आणि मग गावे ओस पडली म्हणून भाषणे करायची, हे आता बंद केले पाहिजे.

सध्या वैशाख चालू आहे. मृग जवळ आला. बैठक संपल्यावर प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने आपल्या गावात असा पोरगा कोण आहे ते आठवावे. यादी करायची नाही, फळ्यावर नाव लिहायचे नाही. फक्त घरी जाताना त्याच्या दारावरून जायचे आणि विचारायचे: या वर्षी पेरणी कुठे करतोस?